‘गोड’ सिनेमा आणि न मिळालेले खापर

मराठी प्रेक्षक एखाद्या चित्रपटाला ‘गोड’ म्हणतो तेव्हा त्याने तो चित्रपट पाहिलेलाच नसतो, असे विधान आम्ही येथे करणार आहोत. विधान उद्धट आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ते करण्याची वेळ आमच्यावर आमच्याच वर्गाने आणली, आणि त्या वर्गाला घडवण्यात आमचा वाटा मोठा असल्यामुळे हा वाद निम्मा स्वतःशीच आहे.

आम्ही दोघे नामपूर परिसरात मराठी शिकवतो. आमचे विद्यार्थी मोसम खोऱ्यातल्या लहानमोठ्या गावांतून एस.टी.ने येतात. घरी अहिराणी बोलतात आणि वर्गात आल्यावर जपून, पाय न घसरेल अशा बेताने, प्रमाण मराठीत शिरतात. यंदा पदवीच्या वर्गाला आम्ही परेश मोकाशी दिग्दर्शित ‘एलिझाबेथ एकादशी’ हा २०१४ सालचा चित्रपट दाखवला. साहित्य आणि चित्रपट यांचे नाते शिकवायचे होते, हे निमित्त. चित्रपट संपल्यावर प्रत्येकाने एक पान लिहून द्यावे, असे सांगितले. तो गठ्ठा आम्ही दोघांनी वाटून घेतला आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी एकमेकांकडे पाहून हसलो, कारण आमच्या हाती जणू एकाच पानाच्या प्रती आल्या होत्या. चित्रपट गोड आहे. मुलांचा अभिनय निरागस आहे. जिद्द असली की परिस्थिती आडवी येत नाही, हा संदेश यातून मिळतो. थोड्या फार फरकाने सर्वत्र हेच.

हसू लवकर ओसरले. हीच मते चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा सुशिक्षित शहरी प्रेक्षकांकडून आम्ही ऐकली होती आणि आमच्या अध्यापक-कक्षातही ती आदल्याच दिवशी उच्चारली गेली होती. विद्यार्थ्यांनी काही नवीन पाप केले नव्हते.

ज्यांना चित्रपट आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पंढरपुरात ज्ञानेश आणि त्याची धाकटी बहीण मुक्ता (लाडाने झेंडू) आईबरोबर व आजीबरोबर राहतात. वडील हयात नाहीत. त्यांनी स्वतः तयार केलेली एक सायकल मागे राहिली आहे आणि तिला इंग्लंडच्या राणीचे नाव आहे. आई यंत्रावर स्वेटर विणून घर चालवते. हप्ते थकतात, यंत्र उचलून नेले जाते, आणि ते सोडवण्यासाठी सायकल विकण्याची पाळी येते. तेव्हा मुले आईच्या नकळत कार्तिकीच्या यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात. ज्ञानेश हा हुशार, विज्ञानाची ओढ असलेला मुलगा. मधुगंधा कुलकर्णी यांची कथा. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्या वर्षी या चित्रपटाला आणि ‘काक्का मुट्टै’ या तमिळ चित्रपटाला विभागून मिळाला. राणी आणि उपवास यांना शेजारी बसवणाऱ्या या शीर्षकातच एक खट्याळपणा आहे, आणि तो चित्रपटभर टिकतो.

आता गठ्ठ्याकडे वळू. सायकलीवर सर्वांनी लिहिले होते. झेंडूवर लिहिले होते. पंढरपूरच्या वाळवंटावर, टाळमृदंगावर, भक्तीवर लिहिले होते. यंत्र का गेले यावर एक ओळ नव्हती, एका पानाचा अपवाद सोडून. त्या पानाविषयी पुढे बोलू. आणि हे कुणी लिहिले नव्हते? ज्यांच्या घरी सोसायटीच्या थकबाकीचा विषय जेवताना निघतो, त्या मुलांनी. कांद्याचा भाव पडला की महाविद्यालयाचे शुल्क पुढच्या महिन्यावर ढकलले जाते, हे ज्यांना कुणी समजावून सांगावे लागत नाही, त्या मुलांनी. कर्ज, हप्ता, नोटीस या तीन शब्दांचा अर्थ आमच्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक आहे. मग तो त्यांच्या पानावर का आला नाही? आमचे उत्तर असे की ‘रसग्रहण’ या प्रकारात तो बसत नाही, असे आम्ही त्यांना शिकवले आहे. भावना, संदेश, निसर्गवर्णन, व्यक्तिचित्रण. हप्ता कुठल्याच रकान्यात मावत नाही.

मराठीच्या अध्यापकांना अधिक लाज वाटावी अशी गोष्ट मुलांच्या नावांची आहे. ज्ञानेश आणि मुक्ता! हा योगायोग गोड आहे, असे पुष्कळांनी नोंदवले. हा योगायोग नाही. मराठी मनात प्रतिभावान बालकाची जी पहिली प्रतिमा आहे तीच येथे उभी केली आहे, आणि त्या प्रतिमेसोबत तिचे सगळे सामानही आले आहे. आळंदीची ती चार भावंडे. वडिलांनी संन्यास घेऊन पुन्हा संसार मांडला म्हणून वाळीत टाकलेली. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेऊनही गावाने न स्वीकारलेली. परंपरा सांगते की ती पैठणला गेली ती शुद्धिपत्र मागायला. रेड्याच्या मुखातून वेद वदवला गेला तो तिथे. आपण रेडा लक्षात ठेवला. पोरक्या मुलांना गावात राहण्यासाठी कागद का लागावा, हा प्रश्न आपण रेड्याच्या पाठीवर बसवून घालवून दिला.

याहून बोलकी कथा मांड्यांची आहे. मुक्ताईला मांडे करायचे होते. विसोबा चाटीने कुंभारांना सांगून ठेवले की या पोरांना खापर द्यायचे नाही. मग ज्ञानदेवांनी योगाग्नी पेटवला आणि त्यांच्या तापलेल्या पाठीवर मुक्ताईने मांडे भाजले. आमच्या भागात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी होते. हातावर पसरून मोठे केलेले ते मांडे पालथ्या खापरावर टाकताना आमच्या आयाबहिणींनी ही कथा सांगितलेली आहे. खापर ही काही दुर्मिळ वस्तू नव्हे. मातीचे भांडे आहे, कुंभाराच्या दारात पडलेले असते. त्या कथेतला चमत्कार एका मातीच्या भांड्याच्या बदल्यात घडतो. ते भांडे दिले असते तर चमत्काराची गरज नव्हती, ज्ञानदेवाला पाठ तापवावी लागली नसती आणि मुक्ताईने चार घरांसारखे मांडे केले असते. सातशे वर्षे आपण त्या पाठीचे कौतुक करीत आहोत. पुढे विसोबांना पश्चात्ताप झाला, हेही कथेतच आहे. पण तो चमत्कार पाहिल्यावर झाला. साधी पाठ असती तर झाला असता काय?

‘एलिझाबेथ एकादशी’तले बांगड्यांचे दुकान म्हणजे ती तापलेली पाठ होय, असे आमचे म्हणणे आहे. यंत्र न्यायला मोठी माणसे येतात. ते सोडवायला लहान मुले निघतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतो तो मुलांसाठी, आणि टाळ्यांच्या आवाजात यंत्र नेणाऱ्यांची पावले ऐकू येईनाशी होतात.

चमत्काराने हिशेब मिटवण्याची ही सवय केवळ मुलांपुरती नाही. सटाण्याला यशवंतराव महाराजांचे देऊळ आहे. देव मामलेदार म्हणून त्यांना सारा जिल्हा ओळखतो. १८७०-७१ च्या दुष्काळात या मामलेदाराने सरकारी खजिना उघडून लोकांना वाटला. जगात फार थोड्या अधिकाऱ्यांनी असे केले असेल. पण यात्रेत कथा ऐकावी तर तिचा शेवट असा, की वरिष्ठ तपासणीला आले तेव्हा खजिना पूर्ववत भरलेला निघाला. कथा रचणाऱ्या भाबड्या भक्ताला यात महाराजांचा गौरव वाटला असेल. आम्हांस मात्र असे वाटते की त्या भरलेल्या खजिन्याने त्यांचे धाडस अर्धे केले. रक्कम कमी भरली असती, त्यांनी ती कमी असल्याचे मान्य केले असते, तरच ते दान होते. आपल्याला दानही असे हवे की ज्यात शेवटी कुणाचे काही गेले नाही. (आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की हा परिच्छेद काढावा, यात्रेतले लोक रागावतील. दुसऱ्याचे म्हणणे असे की महाराज रागावणार नाहीत. म्हणून तो राहिला.)

दुसऱ्या बाजूच्या मताचाही समाचार घेतला पाहिजे, नाहीतर आम्ही केवळ भाबड्यांवर चालून गेलो असे होईल. चिकित्सक म्हणवणाऱ्या काही प्रेक्षकांनी हा चित्रपट दारिद्र्याला सजवतो, मुलांच्या श्रमाला खेळ म्हणून विकतो, असा आक्षेप घेतला. आमच्याच कक्षातले एक ज्येष्ठ सहकारी तो आजही घेतात. हा आक्षेप ऐकायला भारदस्त आहे, पण तोही पाहण्याच्या आळसातून आलेला आहे. हा सबंध चित्रपट पैशांच्या हिशेबावर चालतो. किती हवेत, किती जमले, दिवस किती उरले. बालचित्रपटात पैसे इतके मोजले जातात, असे आम्ही मराठीत फारसे पाहिलेले नाही. गंमत आहे ती त्या मोजण्यातच आहे. मुलांना परिस्थितीचे ओझे वाटत नाही असे चित्रपट कुठेही म्हणत नाही, ती ते ओझे सायकलवर लादून चालवतात एवढेच. विनोद आला की वास्तव पळाले, असे समजणारा वाचक आम्हांस मर्ढेकरांच्या वर्गातही भेटतो आणि त्याला तिथेही काही सांगता येत नाही. ‘गोड’ म्हणणारा आणि ‘खोटे’ म्हणणारा, दोघेही चित्रपटाच्या सुराकडे पाहून मोकळे होतात. हिशेबाची वही कुणीच उघडत नाही.

‘तारे जमीं पर’च्या बाबतीत हेच घडले होते. तो चित्रपट डिसेंबर २००७ मध्ये आला आणि पुढची दोन वर्षे शिक्षकांच्या एकाही प्रशिक्षणातून त्याची सुटका झाली नाही. लेखन अमोल गुप्ते यांचे, दिग्दर्शन आमिर खान यांचे. शिक्षकाचे आडनाव निकुंभ, आमच्या खानदेशाला चांगले परिचयाचे. वाचताना अक्षरे नाचू लागतात असा ईशान अवस्थी नावाचा मुलगा, त्याच्या डोक्यातले मासे आणि ग्रह, आणि त्याला ओळखणारा शिक्षक. प्रेक्षकांचे मत एका वाक्यात मावले: प्रत्येक मूल खास असते. आम्ही तेव्हा तिशीच्या आतबाहेर होतो आणि आमच्याही डोळ्यांत पाणी आले होते. ते आम्ही नाकारत नाही. पण तो चित्रपट नीट आठवून पाहावा. निकुंभ त्या मुलाला वाळूत अक्षरे गिरवायला लावतो, मातीची अक्षरे करून घेतो, मोठ्या चौकटींतून लहान चौकटींत आणतो, पायऱ्यांवरून बेरीज-वजाबाकी चढवतो-उतरवतो. यात कसलीही जादू नाही. हे काम आहे, वेळ खाणारे, कंटाळवाणे, कुठल्याही मुलासाठी करता येण्यासारखे. चित्रपटात ते एका गाण्याच्या अवधीत उरकते आणि प्रेक्षकाच्या स्मरणात उरते ती चित्रकलेची स्पर्धा, जिथे ईशान पहिला येतो आणि गुरू दुसरा. म्हणजे पुन्हा मांडे भाजले गेले. ईशानला चित्र काढता आले नसते तर? त्याला वाचता यावे हा त्याचा अधिकार चित्राशिवाय शाबीत झाला असता की नाही? २००९ साली संसदेने सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शिक्षणाच्या हक्काचा कायदा केला. त्यात मुलाने आधी काही विलक्षण करून दाखवावे, अशी अट नाही. ‘प्रत्येक मूल खास असते’ हे वाक्य उदार दिसते, पण त्याच्या पोटात ती अट लपलेली आहे: खास असशील तर तुझ्याकडे पाहू, तेव्हा खास हो. साधे मूल या वाक्यात कुठे राहते?

साधे मूल राहते ‘फँड्री’त. नागराज मंजुळे यांचा तो चित्रपट २०१४ च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत आला आणि ‘एलिझाबेथ एकादशी’ त्याच वर्षी नोव्हेंबरात. एकाच वर्षात मराठी प्रेक्षकापुढे दोन मुलगे उभे राहिले. जब्याला कसलीही देणगी नाही. तो पहिला येत नाही, यंत्र सोडवत नाही, यात्रेत दुकान मांडत नाही. त्याला एक मुलगी आवडते, एक काळी चिमणी हवी आहे आणि डुकरामागे सगळ्या गावादेखत धावायचे नाही आहे. एवढेच. शेवटी तो जो दगड भिरकावतो तो पडद्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो. या चित्रपटाला ‘गोड’ कुणी म्हणाले नाही, हे ठीकच. पण काय म्हणाले? ‘अंगावर येतो’, ‘पुन्हा बघवणार नाही’, ‘कुटुंबासह पाहण्यासारखा नाही’. ज्ञानेशचे दुःख कुटुंबासह पाहता आले, कारण ज्ञानेशने ते फेडून दाखवले. जब्याने फेडायचे नाकारले. ‘काक्का मुट्टै’तली दोन भावंडे जब्याच्या जवळची आहेत. रेल्वेमार्गावरचा कोळसा वेचून ती पिझ्झ्यापुरते पैसे जमवतात, नवे कपडे घालतात, आणि तरीही दुकानाच्या दारात थप्पड खातात. पैसे जमवणे पुरेसे नसते, हे त्या चित्रपटाला ठाऊक आहे. दोन्ही चित्रपटांना एकच पुरस्कार विभागून देणाऱ्यांनी नकळत का होईना, चांगला अभ्यासक्रम तयार केला होता. आम्ही त्यातला अर्धाच शिकवला.

आणि हे सारे चित्रपटांनी बिघडवले, असेही म्हणण्याची सोय नाही. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हे आमच्या जिल्ह्यात अभिमानाने सांगितले जाते. अत्र्यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. त्या पुस्तकात कर्ज पानोपानी आहे. सावकाराचा माणूस दारात बसतो, घरावर जप्ती येते, दवंडी पिटली जाते, आई खंगत जाते. मराठी घरांनी त्या पुस्तकातून काय काढले? संस्कार. मुलाने पायाला घाण लागू देत नाहीस तशी मनाला लागू देऊ नकोस, हे घेतले आणि सावकार पुस्तकातच ठेवला. परीक्षेत प्रश्न येतो तो आईच्या स्वभावविशेषांवर. गेली पंचवीस वर्षे आम्हीच तो काढत आलो आहोत.

आता आमच्या अंगणात. दरवर्षी आम्ही गुणगौरव समारंभ करतो. पहिल्या तिघांना गुलाबपुष्प, प्रमाणपत्र, एखादे पुस्तक. पाहुण्यांचे भाषण, त्यात दिव्याखाली अभ्यास करून मोठा झालेला कुणीतरी. खुर्च्या मांडायला, सतरंज्या झटकायला, ध्वनिक्षेपक लावायला आदल्या संध्याकाळी जी मुले थांबतात ती यादीत नसतात. त्यांची शेवटची एस.टी. चुकते आणि ती कुणाच्या तरी मोटारसायकलवरून घरी जातात. त्यांतली काही दुसऱ्या वर्षाला दिसत नाहीत. का दिसत नाहीत, हे विचारायला आम्ही त्यांच्या गावी किती वेळा गेलो, याचे उत्तर आम्ही येथे देणार नाही. ते आम्हांस शोभा देणारे नाही. हुशार मुलगा शुल्काअभावी अडला की मात्र अध्यापक-कक्षात वर्गणी निघते, आणि ती आम्हीही आनंदाने देतो. त्याने पुढे नाव काढावे, ही अपेक्षा त्या पाकिटात असतेच. मध्यम गुणांच्या मुलीसाठी वर्गणी निघालेली आम्ही पाहिलेली नाही.

त्या एका पानाविषयी सांगायचे राहिले. ते एका मुलीचे होते. अक्षर वाईट, ऱ्हस्व-दीर्घ सैल, मधेच दोन शब्द अहिराणी. तिने कथानक सांगितले नव्हते, संदेश लिहिला नव्हता. तिने लिहिले होते ते साधारण असे, की तो मुलगा अभ्यासात कच्चा असता तरी आईचे मशीन गेले ते चूकच होते. पण मग कुणी पिच्चर काढला असता का? आणि खाली, की आमच्याकडे शिलाई मशीन आहे, ते अजून आहे. एवढेच. पान अर्धे रिकामे होते.

त्या पानाला आमच्यापैकी एकाने दहापैकी तीन गुण दिले होते. ‘मुद्दे अपुरे, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ असा लाल शेराही मारला होता. दुसऱ्याने ते पान चहाच्या वेळी वाचले आणि परत समोर सरकवले. बराच वेळ कुणी काही बोलले नाही. नंतर गुण बदलले. शेरा मात्र लाल शाईतला असल्यामुळे खोडला तरी दिसतोच. ते पान वर्गात वाचून दाखवावे असे आम्ही तिला सुचवले. तिने मान हलवली. वाचायचे नाही म्हणाली, आणि कारण विचारले तर, “सर, सगळे मशीन बघायला येतील.”

पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच वर्गाला ‘फँड्री’ दाखवतो आहोत. पूर्वतयारी म्हणून फळ्यावर लिहून ठेवले की पानात ‘गोड’ हा शब्द वापरायचा नाही. मधल्या सुट्टीनंतर पाहिले तर खाली कुणीतरी खडूने विचारले होते, “‘भारी’ चालेल का?”